प्रोप्रायटरमधले तीन आर

"अगं, हा शब्द आहे तरी का?"

आमच्या घरात हे वाक्य दुपारी साडेतीनच्या सुमारास रोज एकदा तरी ऐकू येतं. म्हणणाऱ्या माझ्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण मुंबईतल्या कॉन्व्हेंटात, इंग्रजी कादंबरी उशाशी नसेल तर झोप न लागणाऱ्या. ऐकणारी मी. शिक्षण कऱ्हाडच्या मराठी शाळेत, इंग्रजीशी पहिली गाठ पाचवीत. मधे स्क्रॅबलचा, म्हणजे अक्षरांच्या ठोकळ्यांतून इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळाचा पट, आणि त्यावर मी नुकतीच ठेवलेली दोन अक्षरं, क्यू आणि आय.

"आहे, आई. चिनी लोक प्राणशक्तीला म्हणतात."

"चिनी ना? मग चीनमध्ये जाऊन खेळ."

मग कोश उघडला जातो, शब्द सापडतो, मला गुण मिळतात आणि आई चहा टाकायला उठतात. खरं तर हरल्यावर उठायचं निमित्त. दहा डावांतले सहा-सात मी जिंकते आणि त्यांना ते अजून पचलेलं नाही. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. फोनवर कुणाशी इंग्रजीत बोलायची वेळ आली की मी अजूनही आधी मनात वाक्य जुळवते, आणि ते जुळेपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो. आईंना मात्र इंग्रजीत भांडतासुद्धा येतं. बँकेतल्या माणसाला त्या एकदा इंग्रजीत असं काही बोलल्या होत्या की तो उभा राहून ऐकत होता. अशी बाई सुनेकडून इंग्रजी शब्दांच्या खेळात हरते म्हणजे खेळातच काहीतरी गोम आहे, असं त्यांचं मत.

खेळात गोम आहेच. या खेळाला इंग्रजी लागत नाही, अक्षरं लागतात.

पाचवीत आम्ही इंग्रजी शिकलो ते कानाने नव्हे. वर्गात इंग्रजी बोलणारं कुणी नव्हतंच, बाई पण नव्हत्या. होती ती चाररेघी वही आणि पाठांतर. पी यू टी पुट, बी यू टी बट. असं का, हे विचारायचं नाही. वेन्सडेचं स्पेलिंग हवं असेल तर मनात 'वेड-नेस-डे' म्हणायचं. टुगेदर लिहिताना 'टो-गेट-हर'. पुढे मोठ्या वर्गातल्या मुलांनी जरा चटकदार खाऊ दिला: लेफ्टनंट लिहायचं तर 'खोटं, तू, दहा, मुंग्या', आणि असॅसिनेशन लिहायचं तर 'गाढवावर गाढव, त्यावर मी, माझ्यावर राष्ट्र'. लेफ्टनंट कोण असतो हे माहीत नव्हतं, पण त्याच्या पोटात दहा मुंग्या आहेत हे पक्कं माहीत होतं. मोठा शब्द म्हणजे डबा, उघडला की आत लहान शब्द. अर्थ नंतर केव्हातरी यायचा, पावसाळ्यात एसटी येते तसा.

लिसनमधला टी सायलेंट असतो, हे शाळेत बजावून सांगितलं होतं. तीस वर्षांनी एका दुपारी पाटीवरची, म्हणजे आपले ठोकळे मांडायच्या पट्टीवरची, अक्षरं हलवताना दिसलं की लिसनची सहाच्या सहा अक्षरं फिरवली की सायलेंटच होतं. मी एकटीच हसले. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "हो का? माझं कधी लक्षच नाही गेलं." नाहीच जाणार. ज्याला शब्द ऐकू येतो त्याला त्याची अक्षरं कशाला दिसतील?

पण शाळेपेक्षा मोठा हात आप्पांचा. माझे वडील छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवायचे. कऱ्हाडात एका बोळात ट्रेडल मशीनचा छापखाना होता, मालक वेगळे, आप्पा कामाला. लग्नपत्रिका, हँडबिलं, बिलबुकं, कुणाच्या तेराव्याची कार्डं. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची, कारण घरापेक्षा तिथे पंखा बरा होता.

खिळे ठेवायच्या खणाखणांच्या पेटीला केस म्हणतात. मराठीची केस म्हणजे गावच होतं. क वेगळा, अर्धा क वेगळा, क्र वेगळा, क्ष वेगळा. काने, मात्रा, वेलांट्या, रफार आपापल्या घरात. शेकड्यांनी खण, आणि आप्पांचा हात न बघता बरोबर खणात जायचा. इंग्रजीची केस त्यामानाने दोन खोल्यांची बिऱ्हाडं. सव्वीस लहान, सव्वीस कॅपिटल, आकडे, स्वल्पविराम, संपलं. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांचं शिक्षण सातवी. पण इंग्रजी लेटरहेड आलं की ते खूश व्हायचे. "सुटसुटीत काम. एकामागं एक खिळा ठेवत जायचं, कुणाच्या डोक्यावर काही नाही, पायाशी काही नाही."

त्या लहान अक्षरांच्या केसमध्ये एक खण सगळ्यांत मोठा होता, हाताशी येईल असा. ई चा. झेड, क्यू, एक्स, जे यांना कोपऱ्यातली बारकी खोपटी. मी विचारलं, ई ला एवढा वाडा कशाला? आप्पा म्हणाले, "संपतोय म्हणून." याहून सोपं उत्तर मला नंतर कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही.

स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या हातातल्या पट्टीत, खिळे डोकं खाली करून उभे राहतात, शिवाय अक्षर आरशातल्यासारखं उलटं. म्हणून लहान बी, डी, पी, क्यू यांच्यात नवा माणूस हमखास फसतो. खिळ्याच्या अंगाला एक खाच असते. अंगठ्याला ती लागली की खिळा सरळ बसला असं समजायचं. आप्पांना इंग्रजी येत होतं ते त्या अंगठ्यात. एकदा एका दुकानदाराने कागदावर लिहून दिलेला मजकूर जुळवताना ते थांबले, म्हणाले, "यात एक आर कमी आहे." शब्द होता प्रोप्रायटर, म्हणजे मालक. दुकानदार म्हणाला, तुम्हाला इंग्रजी येतं का? आप्पा म्हणाले, "नाही. पण या शब्दाला तीन आर लागतात. माझे आर नेहमी इथंच संपतात."

खरंच लागतात. तीन आर, दोन पी, दोन ओ आणि आय, ई, टी. एकाच वेळी चार दुकानांची बिलबुकं आली की आमच्या छापखान्यातले कॅपिटल आर खलास व्हायचे आणि एखादा प्रोप्रायटर दुसऱ्या दिवसापर्यंत अर्धवट पडून राहायचा.

वाया गेलेल्या प्रुफाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आप्पा मला काम द्यायचे, मी कटकट करू नये म्हणून. "यातनं किती शब्द निघतात बघ." मी लिहायची: टॉप. रोप. पोर्ट. पोर्टर. पोर्टर सापडला तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! रेल्वेतला हमाल इतके दिवस मालकाच्या पोटात लपून बसला होता. आप्पांना तो शब्द बरोबर की चूक हे कळायचं नाही, ते फक्त अक्षरं मोजायचे. दोन आर वापरलेस, तीन होते, चालतंय.

स्क्रॅबल ज्याने काढला त्याची हकीकत मला फार उशिरा कळली आणि ती वाचताना त्या बोळातला शाईचा वास आला. आल्फ्रेड मोशर बट्स हा न्यूयॉर्कचा वास्तुविशारद. १९३० च्या दशकातल्या मंदीत त्याची नोकरी गेली. रिकाम्या वेळात त्याला शब्दांचा खेळ करायचा होता, तर त्याने काय करावं? वर्तमानपत्राची पहिली पानं घेऊन बसला आणि कुठलं अक्षर किती वेळा येतं हे हाताने मोजलं. त्या मोजणीवरून अक्षरांची संख्या आणि गुण ठरले. एकूण १०० ठोकळे, त्यात ई बारा, ए आणि आय नऊ-नऊ, क्यू आणि झेड एकेकच आणि दहा-दहा गुणांचे. एस मात्र त्याने हात आखडून चारच दिले, नाहीतर जो तो कुठल्याही शब्दाला एस लावून अनेकवचन करून मोकळा झाला असता. खेळाची नावं बदलत गेली, आधी लेक्सिको, मग क्रिस-क्रॉस वर्ड्स. कुणी फारसं विचारलं नाही. १९४८ मध्ये जेम्स ब्रूनो नावाच्या माणसाने तो हातात घेतला, स्क्रॅबल असं नाव दिलं आणि मग तो चालला. बट्स स्वतः स्पेलिंगात कच्चा होता म्हणे. मला यात नवल वाटत नाही.

त्याच्याही शंभर वर्षं आधी तारायंत्राची मोर्स लिपी बनत होती, तेव्हा मोर्सचा सहकारी आल्फ्रेड वेल (हाही आल्फ्रेडच) छापखान्यात गेला आणि कुठल्या अक्षराचे खिळे जास्त ठेवलेत ते बघून आला, असं सांगतात. म्हणून ई ला नुसता एक ठिपका, टी ला एक रेघ आणि क्यूच्या वाट्याला लांबलचक कडकट्ट. म्हणजे आप्पांच्या केसमधला तो मोठा खण तारेतून जाऊन पुढे आमच्या दिवाणखान्यातल्या पटावर येऊन बसला. आमच्या संचातला एक ई हरवलाय. त्याच्या जागी आईंच्या जुन्या ब्लाउजचं पांढरं बटण आहे. पिशवीत हात घातला की बटण बोटांना कळतं, आणि आई ते कळूनही न कळल्यासारखं दाखवून उचलतात.

मी शब्द कसा शोधते, हे आई कधीकधी विचारतात. पाटीवर सात ठोकळे असतात. सातही वेगळे असले तर ते ५,०४० तऱ्हांनी मांडता येतात. एवढ्या तऱ्हा बघायला बसलं तर दिवेलागण होईल. म्हणून आधी शेपट्या बाजूला काढायच्या: आय-एन-जी आहे का, ई-डी आहे का, ई-आर आहे का. मग डोकी: आर-ई, यू-एन. मग जे नेहमी हातात हात घालून फिरतात ते: सी-एच, टी-एच, एस-टी. उरलेल्या दोन-तीन अक्षरांत स्वर असला तर निभावतं. काही सुचलं नाही तर सगळे ठोकळे ए टू झेड ओळीने लावायचे, म्हणजे डोळ्याला जो चुकीचा शब्द चिकटून बसलाय तो सुटतो. तेही नाही जमलं तर नुसते हलवायचे, तांदळातले खडे बघताना सूप हलवतो तसे.

एकदा माझ्या पाटीवर आले ए, ई, आय, एन, आर, एस, टी. खेळणाऱ्यांच्या दृष्टीने ही लॉटरी. सातही ठोकळे एका फटक्यात लावले तर पन्नास गुण वरकड मिळतात, आणि या सात अक्षरांतून निदान सात-आठ पूर्ण शब्द निघतात. रिटेन्स, म्हणजे राखून ठेवतो. नॅस्टिअर, म्हणजे जास्त ओंगळ. रेटिनाज, डोळ्यातले पडदे. स्टेनर, डाग पाडणारा. अँट्सिअर, म्हणजे अंगात मुंग्या आल्यासारखा जास्त चुळबुळ्या. रेट्सिना ही ग्रीसमधली राळेच्या वासाची वाइन. स्टिअरिन, मेणबत्तीत वापरतात तो पदार्थ.

हे लिहिताना मला एक गंमत दिसली. देवनागरीत लिहिल्यावर ही सात भावंडं एकमेकांना ओळखतच नाहीत. रिटेन्स आणि स्टिअरिन यांचा काडीचा संबंध दिसतो का? आपण उच्चार लिहितो. इंग्रजी लिपी उच्चाराचं फारसं मनावर घेत नाही, म्हणून तिथे तीच सात अक्षरं एकदा डोळ्याचा पडदा होतात आणि एकदा मेणबत्ती. मराठीत आपल्याला उलटसुलट वाचायची हौस आहे. 'चिमा काय कामाची', 'रामाला भाला मारा' हे सगळ्यांनी केलंय. पण तिथेही एकेक अक्षर आपला काना-मात्रा सांभाळून हलतं. मराठी शब्दकोड्यात 'स्त्री' एका चौकोनात मावते. इंग्रजीत तिला चार-पाच घरं लागली असती. मराठी स्क्रॅबलचा विचार मी करून बघितला. एकट्या क ची बाराखडी पिशवीत भरेपर्यंत पिशवी फाटली. आप्पांची केस उगीच गावाएवढी नव्हती.

बरं, त्या दिवशी मी रेट्सिना लावला. "ही काय नवीन भानगड?" आई म्हणाल्या. मी सांगितलं, वाइन. "तू प्यायलीयेस?" नाही. "मग तुझा कसा झाला तो शब्द?"

या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला आणि मला उत्तर मिळालं ते न्यूझीलंडच्या एका माणसात. नायजेल रिचर्ड्स. इंग्रजी स्क्रॅबलचा अनेक वेळा विश्वविजेता. २०१५ मध्ये हा फ्रेंच स्क्रॅबलच्या जागतिक स्पर्धेत उतरला आणि जिंकला. त्याला फ्रेंच येत नाही. त्याआधी नऊएक आठवडे त्याने फ्रेंचचा शब्दकोश पाठ केला होता, नुसती अक्षरांची ओळ, अर्थ सोडून. २०२४ मध्ये स्पेनमधल्या ग्रॅनडाला जाऊन स्पॅनिशचीही जागतिक स्पर्धा जिंकला. स्पॅनिशही येत नाही. ही बातमी मी आईंना वाचून दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, "हा माणूस भाषेचा अपमान करतोय." मला मात्र तो आप्पांच्या शेजारी स्टूल टाकून बसलेला दिसला. प्रोप्रायटर कोण, कशाचा, त्याच्याशी देणंघेणं नाही. तीन आर आहेत का, बघा.

आईंचं म्हणणं मी उडवून लावत नाही. त्यांच्याकडे शब्दांमागे माणसं आहेत, वाचलेली पानं आहेत. त्या 'मेलनकली', म्हणजे उदासी, हा शब्द लावायला गेल्या आणि एक अक्षर कमी पडलं तेव्हा खरोखर उदास झाल्या. माझ्याकडे नुसते चेहरे आहेत, रोजच्या बसमधल्या माणसांसारखे. नाव माहीत नाही, कुठे उतरतात माहीत नाही, पण दिसला नाही की चुकल्यासारखं होतं. चाळीस वर्षं मी त्या भाषेच्या बसने हिंडतेय. हीही ओळखच की.

माझी मुलगी संगणकातली. एका सुट्टीत तिने आमचं भांडण ऐकलं आणि म्हणाली, यात काय, मशीनला एका क्षणात जमतं. मी म्हटलं, पाच हजार चाळीस तऱ्हा तपासून? म्हणाली, छे. कोशातला प्रत्येक शब्द घ्यायचा, त्याची अक्षरं ए टू झेड लावायची आणि त्या नावाच्या खणात टाकायचा. स्टॉप, स्पॉट, पोस्ट, पॉट्स, टॉप्स, ऑप्ट्स, सगळे गेले ओ-पी-एस-टी या एका खणात. आता तुझ्या हातातली अक्षरं ओळीने लाव, तो खण उघड, सगळे शब्द तिथे बसलेले.

मी गप्प झाले. संध्याकाळी छपाई उरकली की आप्पा मजकूर सोडून एकेक खिळा आपापल्या खणात परत टाकायचे. कुणाचं लग्न, कुणाची पुण्यतिथी, सगळं मोडून पुन्हा नुसती अक्षरं. टप, टप, टप असा आवाज यायचा. मुलीला हे सांगितलं तर म्हणाली, "सेम." तिला कळलं की नाही, कुणास ठाऊक.

हाती असलेली अक्षरं टाकली की शब्दांची यादी काढून देणाऱ्या साइट फोनवर ढिगाने आहेत, हे तिने आजीला दाखवलं ही मात्र चूक झाली. पुढच्याच आठवड्यात आईंनी पटावर झेड, ए, एक्स असे तीन ठोकळे शांतपणे मांडले.

"झॅक्स," म्हणाल्या. "छपराच्या पाटीचे दगड तासायचं हत्यार."

"आई, तुम्हाला हे कसं माहीत?"

"असतं एकेक वाचलेलं."

एकोणीस गुण. मला संशय आला, पण वाचलेल्या बाईशी वाद कोण घालणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी दोन असलेच शब्द लावले, आणि चहा टाकायला उठताना उशीखालून टॅबलेट घसरून जमिनीवर पडला. पडद्यावर त्यांची सात अक्षरं ओळीने लिहिलेली. आई टॅबलेटकडे बघत होत्या, मी पटाकडे.

"बघत होते," शेवटी म्हणाल्या, "तू कशी बघतेस ते."

त्यानंतर टॅबलेट स्वयंपाकघरात राहतो. बटणाच्या ई बद्दल मी अजून काही बोललेले नाही.

परवाचा डाव. आईंनी आडवा शब्द लावला, गूज. जी, ओ, ओ, एस, ई. हंसाच्या जातीतला तो पाणपक्षी. सहा गुण, त्यातही बटण वापरलेलं. माझ्याकडे एम, ओ, एन होते आणि बाकी सगळी अडगळ. ते तीन ठोकळे मी गूजच्या पुढ्यात सरकवले. मंगूज. फक्त अकरा गुण, पण मला हवा होता तो शब्द.

"हा तरी मला माहितीये," आई म्हणाल्या.

"हा आपला आहे," मी म्हटलं. "मुंगूस. मराठीतून गेलाय तिकडे. कोशात लिहिलंय तसं. शेवटी गूज दिसतोय त्याचा पक्ष्याशी काही संबंध नाही."

आईंनी चष्मा वर केला आणि पटाकडे बघत राहिल्या. त्यांच्या माहेरी अलिबागला विहिरीजवळ मुंगसाची जोडी होती, हे मी पन्नासदा ऐकलंय. मला वाटलं आता तेच येणार.

"मग एकाचे दोन झाले की काय म्हणायचं? मंगीस?"

"नाही. नुसता एस लावतात."

"अस्सं," म्हणाल्या, आणि पाटीवरून एस उचलून मुंगसाच्या शेपटाला लावला, आणि त्याच्या खाली ए, आर, आय. सारी. पाच वारी की नऊ वारी, ते मी विचारलं नाही. चारातला शेवटचा एस होता तो.